आप्पांची चोरलेली रिळं

मी त्या माणसाला माफ केलेलं नाही. करणारही नाही.

आज आप्पांना, माझ्या वडिलांना, जाऊन वर्ष झालं.

आप्पा सोलापूरजवळच्या मंद्रूपचे. एकाहत्तरच्या लढाईत लष्करात ॲम्ब्युलन्स चालवायचे. युनिटमधल्या डॉक्टरसाहेबांकडे छोटा फिल्म कॅमेरा होता. साहेबांच्या हाताला गोळी लागली तेव्हा त्यांनी तो आप्पांकडे दिला.

"गाडी चलाता है ना? अब ये भी चला."

आप्पांनी चालवला.
दाढी करणारे जवान. चिखलात रुतलेली गाडी. डोक्यावर गाठोडी घेऊन येणारी माणसं.
आणि इरप्पाकाका.

इरप्पाकाका अक्कलकोटचे. आप्पांचे जिगरी दोस्त. त्या लढाईतून परत आलेच नाहीत. मागे राहिली त्यांची बायको, गौरव्वा. लग्न नुकतंच झालेलं. तिच्याकडे नवऱ्याचा एकच फोटो, तोही पुसट.

साहेबांनी पुढे रिळं धुऊन आप्पांना पाठवून दिली. एकदा कुणाचा तरी प्रोजेक्टर आणला, तर त्याने फिल्मच चावली. त्यानंतर आप्पांनी रिळांना कुणाला हात लावू दिला नाही.

"गौरव्वाला एकदा दाखवायचं हाय गं," एवढंच म्हणायचे.

मग डब्यांतून व्हिनेगरसारखा आंबूस वास यायला लागला. फिल्म सडायला लागली होती.

नेमके तेव्हाच सोलापूरचे एक 'इतिहास संशोधक' सर घरी आले. आप्पांच्या पाया पडले.
"आप्पा, हा देशाचा ठेवा आहे. डिजिटाइज करून महिन्याभरात परत आणतो."

आप्पांनी डबे दिले. ट्रंकेच्या तळाशी पडलेलं एक रीळ तेवढं चुकून घरात राहिलं.

महिना गेला. सरांनी फोन उचलणं बंद केलं. शेवटी एकदा म्हणाले, "सगळं सडलेलं होतं हो. टाकून द्यावं लागलं."

आप्पांनी विश्वास ठेवला.

वर्षभराने त्याच सरांची डॉक्युमेंटरी सोलापुरात लागली. मी आप्पांना घेऊन गेले.

पडद्यावर आप्पांची ॲम्ब्युलन्स.
आणि सरांचा भारदस्त आवाज: "माझ्या मामांनी रणांगणावर टिपलेली ही दुर्मीळ दृश्यं..."

मग इरप्पाकाका आले. हापशावर, तोंडाला साबण फासून हसत होते. खाली अक्षरं उमटली: अज्ञात सैनिक.

आप्पा ताडकन उभे राहिले.
"अज्ञात? आरं त्येचं नाव इरप्पा हाय की! अक्कलकोटचा हाय त्यो! म्या काढलंय ह्ये!"

सर स्टेजवरून हसले. माईकमध्ये म्हणाले, "आजोबा भावुक झालेत. वय झालंय. बसवा त्यांना."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.
माझ्या वडिलांना खाली बसवलं म्हणून टाळ्या.

आप्पा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजले. त्यानंतर लढाईबद्दल एक शब्द बोलले नाहीत. काही महिन्यांत गेले.

तेराव्याला सगळे म्हणाले, "जाऊ दे, त्यांच्या आत्म्याला शांती मिळू दे."
मला शांती नको होती. मला तो माणूस हवा होता. भर सभेत.

घरात राहिलेलं रीळ मी पुण्याच्या एका लॅबमध्ये नेलं. फिल्म आकसली होती, वाकडी झाली होती. त्यांनी ती हाताने साफ केली, एकेक फ्रेम स्कॅन केली. आलेली फाइल बघून मी रडले नाही. मी हसले.

गेल्या महिन्यात सरांचा सत्कार होता. त्याच हॉलमध्ये. आयोजकांनी लोकांकडून युद्धाच्या जुन्या फिल्म्स मागवल्या होत्या. मी सासरच्या आडनावाने पाठवली. सरांना ते माहीत नव्हतं.

गौरव्वाला अक्कलकोटहून आणून पहिल्या रांगेत बसवलं.

सर शाल घेऊन मामांच्या शौर्यावर बोलले. मी बोलू दिलं. सगळं बोलू दिलं. त्यांच्या डॉक्युमेंटरीतला तोच हापशाचा तुकडा दाखवला गेला.

मग माझी फिल्म लागली.

सरांचा शॉट जिथं तुटतो, तिथूनच आमचं रीळ सुरू होतं. तोच हापसा. तोच साबण. इरप्पाकाका ओंजळीत पाणी घेऊन कॅमेऱ्याच्या अंगावर धावून येतात. कॅमेरा गर्रकन फिरतो, ॲम्ब्युलन्सच्या आरशावर थांबतो.

आरशात कॅमेरा धरलेला माणूस. तो कॅमेरा जरा खाली घेतो, दुसऱ्या हाताने तोंडावरचं पाणी पुसतो.
आप्पा. तरुण, हसणारे माझे आप्पा.
त्यापुढे मी त्यांचा लष्करातला फोटो जोडला होता. नावासकट.


मी माईक घेतला. "सर, तुमचे मामा दाखवता का जरा?"

सर म्हणाले, "काहीतरी टेक्निकल गैरसमज..." आणि स्टेजच्या मागच्या दाराने निघून गेले. शाल खुर्चीवरच राहिली. या वेळी टाळ्या कुणासाठी होत्या, ते त्यांनी जिन्यात ऐकलं असेल.

गौरव्वा पडद्याकडे बोट दाखवत उभी होती. "नम्मवरु," ती कानडीत म्हणाली. माझे मालक. "केवढं पोरगं व्हतं गं. पुन्हा लाव की."

आम्ही पुन्हा लावली. तिचं मन भरेपर्यंत लावली.

डॉक्युमेंटरी इंटरनेटवरून उतरलीय. सरांचे फोन येतायत, "मिटवून टाकू." बाकीची रिळं त्यांच्याकडेच आहेत, मला खात्री आहे. वकिलाची नोटीस गेलीय. रिळं येईपर्यंत मी त्यांना या शहरात एकही सत्कार सुखाने घेऊ देणार नाही.

आप्पा, तुम्ही निवांत झोपा. भांडण माझ्याकडे आहे.

तुमच्या लेकीचा नमस्कार.