करडीच्या तेलातला चाकू

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र वारानिशी लक्षात आहे, कारण त्यात एक निर्दोष माणूस नऊ दिवस कोठडीत राहिला आणि त्याला तिथं बसवणारा मीच होतो.

तेव्हा मी नांदेड आणि लातूर जिल्ह्यांच्या सीमेवरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सोयाबीनचा हंगाम होता. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका बाजूला मुखेडकडचा आणि दुसऱ्या बाजूला अहमदपूरकडचा माल येत होता. सोमवारी दुपारी पावणेदोनच्या सुमारास पोत्यांच्या थप्प्यांच्या मागे एका हमालावर चाकूचा वार झाला. डाव्या बरगडीखाली दीड इंच खोल जखम. त्याच्या जबाबात एवढंच होतं की चेहरा दिसला नाही. कुणीतरी मागून एका हाताने मान आवळली आणि दुसऱ्या हातात 'खट्' असा आवाज झाला. म्हणजे चाकू एका हाताने, खटका दाबून उघडला होता.

मोंढ्यात असे खटक्याचे चाकू काही हमाल बाळगतात. एका हाताने पोतं धरायचं आणि दुसऱ्या हाताने शिवणीची सुतळी कापायची, म्हणून ते सोयीचे पडतात.

मंगळवारी सकाळी, जखमी ज्या टोळीत काम करायचा तिच्यातलाच एक हमाल ठाण्यात आला. म्हणाला, "साहेब, काल जेवायच्या आधी त्या जखमीची आन् आमच्यातल्या एकाची पोती उचलायच्या पाळीवरून जुंपली होती. सगळ्यांनी पाहिलंय. आन् त्याच्याकडं खटक्याचा चाकू हाय." ज्याचं नाव त्याने सांगितलं तो पंचेचाळिशीचा हमाल होता. बावीस वर्षं मोंढ्यात बिल्ला लावून काम करत होता आणि त्याच्यावर एकही गुन्हा नव्हता. भांडण झाल्याचं त्यानेही कबूल केलं. चाकूबद्दल विचारलं तर म्हणाला, "हाय ना. घरी वरच्या डब्यात. पण तो उघडतच न्हाई."

दुपारी दोन पंच घेऊन त्याच्या घरी गेलो. पंचांपैकी एक शेजारचा शिंपी होता. पत्र्याच्या डब्यातून कापडात गुंडाळलेला चाकू निघाला. पातं साडेतीन इंच. नेमका त्याच वेळी वरिष्ठांचा फोन आला. बोलता बोलता मी पाहिलं की शिंपी दोन्ही हातांनी, नखं घालून पातं ओढतो आहे. मला वाटलं, पात्याला भ्यायला असेल. फोन ठेवला आणि नेहमीचं वाक्य सांगितलं: खटक्याचा धारदार चाकू, चालू स्थितीत. हवालदाराने लिहून घेतलं, पंचांनी सह्या केल्या.

सीलची लाख संपली होती. ठाण्यावर जाऊन सील करू, असं म्हणून चाकू साध्या पाकिटात घातला. ठाण्यात आलो, पाकीट टेबलावर ठेवलं आणि देवीच्या मिरवणुकीच्या बंदोबस्ताला निघून गेलो. त्यावर चिठ्ठी नव्हती, नंबर नव्हता, सील नव्हतं. हे मी आज जसं लिहितो आहे तसंच पुढे चौकशीतही लिहून दिलं.

बुधवारी सकाळी पाकीट सील केलं. त्याआधी त्या हमालाला समोर उभं केलं.

"उघडत नाही म्हणालास ना?"

"हाव साहेब. संक्रांतीपासून बंद पडलाय."

मी खटका दाबला. खट् करून पातं बाहेर आलं.

त्याचा चेहरा पांढरा पडला. मग हळू आवाजात म्हणाला, "हे कसं झालं?" तीस वर्षांच्या नोकरीत खोटं उघडं पडल्यावरचे अनेक चेहरे पाहिले होते. हाही त्यातलाच, असं मी ठरवून टाकलं. दुपारी न्यायालयाने पोलीस कोठडी दिली. तपासात विचारलं तेव्हा तो एकच म्हणत राहिला, "बिल्ला जाईल साहेब माझा. बावीस वर्षांचा बिल्ला." खुनाच्या प्रयत्नाचं दोषारोपपत्र गेलं असतं तर बिल्लाच काय, पुढची सात-आठ वर्षंही गेली असती.

कोठडीच्या चौथ्या दिवशी त्याची बायको डबा घेऊन आली. चाकू उघडतच नाही, असं तीही म्हणाली. मी वैतागून एका चुकीवर दुसरी केली. सील तोडून चाकू बाहेर काढला आणि तिच्यासमोर उघडला.

बाई घाबरली नाही. एक पाऊल पुढे आली, वाकली आणि तिने पात्याचा वास घेतला.

"हे आमचं तेल न्हाई."

"म्हणजे?"

"आमच्या घरात करडीशिवाय दुसरं तेल येत न्हाई. संक्रांतीला पोरीचं बोट कापलं, तवाच ह्यांच्याकडून काढून घेतला. गंजू नये म्हणून करडीचं तेल चोपडून मीच ठेवला. करडी वाळली की डिंक होते साहेब. कढईच्या कडेला चिकटलेलं बघा, नखानं निघत न्हाई. ह्यो तर नव्या शिलाई मशीनवानी चालायलाय."

मी वास घेतला. शिलाई मशीनचंच तेल होतं.

शिंप्याला बोलावलं. तो खाली मान घालून म्हणाला, "दाबला होता खटका मी. दोनदा दाबला. काहीच झालं न्हाई, म्हणून नखानं ओढला. तुम्ही फोनवर होता."

"मग सही का केलीस?"

"तुम्ही लिहिलंच होतं ना साहेब."

ठाण्यात शिलाई मशीनचं तेल एकाच माणसाकडे असायचं. कोत, म्हणजे ठाण्याची शस्त्रांची खोली, सांभाळणारे आमचे जमादार. त्यांच्या हाताखालची रायफल कधी अडली नाही आणि बेडीचं कुलूप कधी कुरकुरलं नाही. निवृत्तीला सात महिने राहिले होते. त्यांना बोलावून चाकू दाखवला.

"हा तर मीच मोकळा केला," ते सहज म्हणाले. "मंगळवारी खंडेनवमीची पूजा होती. हत्यारं पुसत होतो. तुमच्या टेबलावर दिसला. चिठ्ठी न्हाई, काही न्हाई. ठाण्यातलाच जुना असंल म्हणलं. डिझेलात भिजवला, ब्रशानं घासला, वर मशीनचं तेल सोडलं. लई चिकट राळ निघाली साहेब आतून..."

बोलता बोलता ते थांबले. पुढचं त्यांना कळलं होतं.

खोलीत आम्ही दोघंच होतो. दोघंही गप्प बसलो असतो तर हे कुणालाच कळलं नसतं. बाईचं म्हणणं कोण ऐकणार होतं? जमादार उठले, कोतमधून एक फडकं घेऊन आले आणि टेबलावर ठेवलं. त्यावर तपकिरी, चिकट डाग होते.

"फेकलं न्हाई अजून. माझा जबाब लिहून घ्या."

"चौकशी लागेल, जमादार."

"लागू द्या. पण तो माणूस आत हाय."

त्यांचा जबाब लिहिला. त्याखाली माझा अहवाल लिहिला: लाख नव्हती, पाकीट उघडं होतं, 'चालू स्थितीत' हे शब्द न तपासता लिहिले, आणि सीलही मीच तोडलं. फडकं, आणि बाईच्या घरचं चाकू गुंडाळलेलं कडक झालेलं कापड, दोन्ही पंचांसमोर सील करून प्रयोगशाळेत पाठवली.

मग मोंढ्यातल्या बाकीच्या खटक्याच्या चाकूंचा शोध घेतला. तीन मिळाले. मंगळवारी टीप द्यायला आलेल्या हमालाकडेही एक होता. ते त्याने तेव्हा सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलंही नव्हतं. तिन्ही चाकू कागदावर मांडले आणि जमादारांना बोलावलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले.

"हात लावत न्हाई साहेब. एकदा लावला तेवढा बास."

वाकून त्यांनी तिन्ही चाकू पाहिले. दोन चाकूंच्या फटीत सुतळीचे तंतू आणि धूळ अडकली होती. टीप देणाऱ्याचं पातं मात्र लखलखत होतं आणि आतल्या स्प्रिंगवर ताजा तांबूस गंज होता.

"हा पाण्यानं धुतलाय," जमादार म्हणाले. "हमाल चाकू लुगड्याच्या चिंधीला पुसतो, पाण्यात घालत न्हाई. पातं कुणीही धुईल साहेब. आतली खाच कोण धुतं? उघडू नका, असाच पाठवा."

तसाच पाठवला. अहवाल आला: स्प्रिंगच्या खाचेत मानवी रक्त, जखमीच्या रक्ताशी जुळणारं. पण त्याआधीच, चाकू पाण्याने का धुतला एवढा एकच प्रश्न चार वेळा विचारल्यावर, टीप देणारा बोलला होता. पाळीवरून जखमीवर खरा राग त्याचा होता. भांडताना लोकांनी मात्र त्या दुसऱ्या हमालाला पाहिलं, आणि तेवढं त्याला पुरलं.

नवव्या दिवशी न्यायालयात आमचा अहवाल देऊन आम्ही त्या हमालाला सोडवलं. पण टोळीने त्याला परत घेतलं नाही. पोलिसांनी नेलं म्हणजे काहीतरी असणारच, असं सगळे म्हणत होते. तो सुटल्यानंतर तिसऱ्या दिवशी सौदे सुरू व्हायच्या आधी मी वर्दीत मोंढ्यात गेलो, सगळ्यांना थांबवलं आणि सांगितलं की याचा काही दोष नव्हता, चूक माझी होती. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टोळीच्या मुकादमाने फक्त मान हलवली आणि त्या हमालाकडे बघून म्हणाला, "चल, थप्पी लाव."

चौकशीत मला ठपका बसला, जमादारांनाही बसला. निवृत्तीच्या समारंभात त्यांनी त्याचा उल्लेख केला नाही. त्यांच्या जबाबामुळे एक माणूस सुटला हे मी तरी सांगायला हवं होतं, पण सांगितलं नाही, आणि ते मला अजून बोचतं.

त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत मी एकही वस्तू पंचांसमोर चालवून पाहिल्याशिवाय तिची स्थिती लिहिली नाही. कुणी उघडली, कितव्या प्रयत्नात उघडली, वास कसला होता, हे सगळं लिहायचो. हाताखालचे वैतागायचे. कागदावर एकदा लिहिलं की साधी माणसं सही करतात. शिंप्याने केली तशी. म्हणून लिहिणाऱ्यानेच जपायला हवं.

खटला संपल्यावर न्यायालयाच्या आदेशाने त्या हमालाला त्याचा चाकू परत दिला. पावती मी स्वतः लिहिली आणि लिहिण्याआधी खटका तीन वेळा दाबून पाहिला. त्याला थोडंफार वाचता येत होतं. बोट ठेवून त्याने 'चालू स्थितीत' हे शब्द वाचले, मग एकदा माझ्याकडे पाहिलं.

"आता खरं हाय, साहेब," तो म्हणाला, आणि सही केली.