जरीपटक्यातली हेलिकोनिया

आमची मेघा पारशिवनीची. पेंचच्या अंगाची थंडी खाऊन वाढलेली, आमच्या घरची पोरगी. साऱ्यांचं ऐकून घेते अन् करायचं तेच करते. सासर भेटलं शहरात, जरीपटका वस्तीत. नवरा रोहित गरीब माणूस, मोठ्या भावापुढं त्याच्या तोंडातून शब्द निघत नाही. अन् तो मोठा भाऊ, म्हणजे तिचा भासरा अंकुश, त्याले जगातलं सारंच समजते. असं तोच सांगते, दुसरं कोणी सांगत नाही.

गेटापाशी थोडी जागा होती. मेघानं तिथं हेलिकोनिया लावली. केळीच्या नात्यातलं झाड, फूल म्हणजे लाल चोची लटकल्यासारख्या. कोकणात मजेत राहते, आपली थंडी त्याले झेपत नाही. डिसेंबरात पानं करपली. अंकुशले तेच पाहिजे होतं. मेलं ते, म्हणे, उपटा अन् फरशी टाका, मले गाडी ठेवायची आहे. गाडी तरी कोणती, तं धक्का मारल्याशिवाय सुरू न होणारी.

मेघानं होळीपर्यंत मुदत मागितली. तवरीक कोंब निघाला नाही तं जागा त्याची.

माहेरी हळद होते. हळदीचं पान वाळते, कांडं मातीत जित्तं राहते, हे तिले लहानपणापासून ठाऊक. तिनं करपलेली पानं कापली नाहीत, बुडावरच वाकवली. पाणी बंद केलं अन् वरतून तणसाचा, धानाच्या वाळल्या काड्यांचा, जाड थर दिला.

जानेवारीत थंडीची लाट आली. सकाळी मेघा बाहेर निघाली, तं भासरा अन् त्याचे दोन रिकामे दोस्त शेकोटीवर हात शेकून राहिले. आगीत तिचंच तणस. वाफा उघडा पडलेला, अन् रात्री पारा अजून उतरणार होता.

"काहून जाळलं, भाऊजी?"

"कचरा होता वं. माणसानं थंडीनं मरावं का?"

दोस्त हसले. माणसं कायची, तीन कानटोप्या नुसत्या.

मेघा घरात गेली. अंकुशच्या पलंगावरचं मखमली ब्लँकेट उचलून आणलं, वाफ्यावर अंथरलं अन् कोपऱ्यांवर विटा ठेवल्या.

"माझ्या झाडाचं पांघरूण तुम्ही जाळलं. आता तुमचं द्या."

रोहित दारात उभा होता, तो हसला. भावापुढं पहिल्यांदाच.

अंकुशनं लय आदळआपट केली, पण ब्लँकेट ओढायची हिंमत झाली नाही; अख्खी गल्ली पाहून राहिली होती. लाट सरेपर्यंत साहेब पातळ चादरीत कुडकुडले.

होळीच्या तोंडावर तो मिस्त्रीले घेऊनच आला. मेघानं वाफ्यापाशी बसून बोटानं माती सारली. रस्त्याकडची कांडी सडली होती, हात लावला तं लिबलिबीत. भिंतीकडं मात्र दोन कोंब, बोटाएवढे, हिरवेगार.

मिस्त्री वाकून पाहते अन् म्हणते, "हे तं जित्तं आहे गा."

अंकुश खाकरला अन् छत कुठं गळते ते दाखवाले मिस्त्रीले वर घेऊन गेला. फरशीचं नाव पुन्हा काढलं नाही. माफी तं दूरच. त्या तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा मावते, माफी मावत नाही.