काकवीच्या रंगाचं तळं

माझ्या आत्याच्या यजमानांइतका हट्टी माणूस कुंभकोणमने त्यांच्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिलेला नाही. एकोणीसशे ऐंशीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत आतोबा रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झाले, त्यांनी तैलरंग हाती घेतले आणि साक्कोट्टैजवळच्या एका तळ्याचं चित्र सुरू केलं. ते सहा वर्षं चाललं. कॅनव्हास टाउनबसमधून न्यायचा आणि त्याला शेजारी जागा मिळावी म्हणून त्याचंही तिकीट काढायचं. कंडक्टर कुरकुरला तर त्याला तमिळमध्ये ऐकवायचं, की हा प्रवासी भांडत नाही, थुंकत नाही, तुझं काय बिघडतं? तळ्याच्या बांधावर छत्री रोवून बसायचं आणि एखादी म्हैस पाण्यात उतरली तर ती बाहेर येईपर्यंत कुंचला खाली ठेवायचा, कारण म्हैस पाणी हलवते.

वयाबरोबर हा विक्षिप्तपणा वाढतच गेला. नवं धोतर पिवळट आहे म्हणून त्यांनी ते तीनदा दुकानात परत नेलं. चौथ्यांदा दुकानदाराने पहिलंच धोतर घडी बदलून पुढे केलं, आणि ते त्यांना त्यातल्या त्यात बरं वाटलं. दुधात हळद घालतो म्हणून दूधवाला बंद झाला. भिंतींना चुना लावून झाला की त्यांना तो पुन्हा लावून हवा असे. आम्ही भाचेमंडळी लग्नाकार्यांत या गोष्टी नकला करून सांगत असू, आणि सगळ्यात जास्त हशा मी मिळवत असे.

चित्रातलं पाणीही तसंच होत गेलं. आधी ते निळसर हिरवं होतं, मग थरावर थर चढून काकवीसारखं झालं. काठावरची झाडं जवळजवळ काळी. याला हरकत घेणारी एकटी आत्या. दुपारच्या बसने ती त्यांचा दहीभात घेऊन तळ्यावर जाई, चित्राकडे बघे, पाण्याकडे बघे. आमच्या घरातली मराठी पूर्वजांनी तंजावरला येताना आणलेली, पुण्याच्या माणसाला बखरीतली वाटणारी. त्या मराठीत ती शांतपणे म्हणे, "पाणी असें नाही. एकदां डोळे दाखवून घ्या."

आतोबांना हा कलेचा अपमान वाटे. त्यात मद्रासहून आलेल्या एका चित्रकलेच्या शिक्षकाने सांगितलं, की चित्र फार मॉडर्न आहे, पाण्यात एवढा काळोख उतरवायला धाडस लागतं. झालं. पुढे आत्याने तोंड उघडलं की आतोबा त्या शिक्षकाचा हवाला देत. शेवटी तिने तो विषय सोडला. रस्ता ओलांडताना मात्र ती न बोलता त्यांचा हात धरी.

ती गेली दोन दिवसांच्या तापाने. दहाव्याला घाटावर आतोबांची पायरी चुकली आणि ते पडले, तेव्हा त्यांना न विचारता मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, तोही बऱ्याच वर्षांचा. अशा डोळ्यांना पांढरं पिवळट दिसतं आणि निळं मळकट, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मला ते धोतर आठवलं, आणि आतोबांकडे बघायचा धीर होईना.

ऑपरेशननंतर महिन्याभराने, नवा चष्मा लावून, त्यांनी चित्र उजेडात आणलं. बराच वेळ ते समोर उभे राहिले. मग साक्कोट्टैला ने म्हणाले. मी त्यांना स्कूटरवर घेऊन गेलो. तळं त्या सकाळी काठोकाठ भरलेलं होतं. वरचं आभाळ आणि कडेच्या भाताचा कोवळा हिरवा रंग, दोन्ही पाण्यात उतरले होते. आता पुन्हा रंगवा, असं मी म्हटलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"ती हें रोज पाहत होती," ते म्हणाले. "आणि मी तिला म्हणत गेलों, तुज दिसत नाही."

त्यानंतर त्यांनी कुंचला धरला नाही. चित्र फाडतील असं आम्हाला वाटलं होतं, पण त्यांनी ते तसंच ठेवलं, कोणाला त्यावर हात फिरवू दिला नाही. तीन-चार वर्षांनी तेही गेले, तेव्हा मी ते माझ्याकडे आणलं. घरी येणारे लोक चित्रापुढे थांबतात आणि विचारतात, ही दिवस मावळल्यानंतरची वेळ का?

मी हो म्हणतो.