दुसऱ्याचा फर्मा
कोऱ्या जीन्सचा वास आला की मला आमच्या कॅम्प तीन वस्तीतला तो जीन्सचा कारखाना आठवतो, मशिनींचा खडखडाट आठवतो, आणि खाली बसून धागे कापताना निळी झालेली माझी बोटं. नवरा एचआयव्हीनं गेला होता, मलाही तोच निघाला होता, आणि पोर लहान होती. सरकारी दवाखान्यातनं गोळ्या मिळायच्या. त्यांनी वजन वाढलं, अंगात ताकद आली, तशी शेजारीण म्हणाली, "बरी झालीस की, आता कशाला त्या गरम गोळ्या?" मला पटलं. पण बंद करायच्या आधी दवाखान्यातल्या समजावणाऱ्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "ताई, कारखान्यात कुणी घुसून कापड कापायचा स्वतःचा फर्मा तुमच्या फर्म्यांत ठेवला, तर कारागीर काय शिवतील?" मी म्हटलं, "त्याचाच माल. कारागीर थोडीच बघतो फर्मा कुणाचा ते." "तसंच आहे. या विषाणूकडे स्वतःची मशीन नसते. रक्तातल्या पेशीत शिरतो नि तिच्याकडूनच आपल्यासारखे आणखी बनवून घेतो. गोळी ते काम थांबवते, पण त्याला बाहेर नाही काढत. तो आत गपचूप बसून राहतो." "म्हणजे आमच्या सासूबाईच!" मॅडम एवढ्या हसल्या की बाहेरची रांग आत डोकावली. मग म्हणाल्या, "गोळी सोडलीत की काम परत चालू." त्या रात्री मी जेवले आणि गोळी घेतली. लेक आता पालेगावात राहते. परवा माझे केस विंचरताना म्हणाली, "आई, म्हातारी झालीस गं." इतकं बरं वाटलं ऐकून, काय सांगू.