गल्लीतलं सर्वांत गार घर

दक्षिण गोलार्धातल्या डनेडिन शहराच्या दक्षिणेकडच्या सखल वस्तीत, जिथे हिवाळ्यात ऊन पाहुण्यासारखं येतं आणि चहा न पिताच निघून जातं, तिथे एका लाकडी घरात सेल्विन टलक राहत असे. या माणसाला आयुष्यात दोन गोष्टींचा अभिमान होता. एक म्हणजे रेल्वेच्या कारखान्यात त्याने जोडलेला डबा कधी रुळावरून घसरला नाही. आणि दुसरी म्हणजे जून, म्हणजे तिकडचा हिवाळा, लागायच्या आत त्याच्या घरात कधी हीटर लागला नाही. जून लागल्यावरही तो लागे तो फक्त बैठकीच्या खोलीत, तेही कुणी आलं तर. झोपायच्या खोलीत हीटर लावणं म्हणजे टलक घराण्याच्या मते दिवसाढवळ्या दारू पिण्यासारखं होतं. थंडी वाजते म्हणणाऱ्याला त्या घरात एकच औषध होतं: आणखी एक स्वेटर. सेल्विन स्वतः जुलैत इतके स्वेटर चढवी की दारातून आत येताना त्याला थोडं तिरकं व्हावं लागे.

निवृत्त झाल्यावर हाच माणूस 'पडदा बँके'त फुकट काम करू लागला. लोकांनी दिलेले जुने पडदे तिथे धुऊन, दुहेरी अस्तर लावून, ज्यांना हीटर परवडत नाही त्यांच्या खिडक्यांना लावून देत. बँक चालवायची सीना लेओटा. मूळची सामोअन बाई, आणि आवाज चर्चच्या गायनात कमावलेला, त्यामुळे तिने हळू सांगितलेलं गुपितही पलीकडच्या चौकात ऐकू जाई. सेल्विनचं काम शिडीवर चढून दांड्या ठोकण्याचं. ठोकता ठोकता तो उपदेशही करी. पडदा जमिनीला टेकलाच पाहिजे, नाहीतर खालून गारवा सांडतो. दार बंद ठेवा, ऊब पळते. आणि हो, मदत घ्यायला लाजायचं कसलं, तब्येतीपुढे कसला आलाय मान? असं सांगून लोकांचे डोळे ओले करून तो घरी येई आणि लोकरीची टोपी घालून जेवायला बसे.

त्या घरात फ्रिज उघडला की जरा बरं वाटायचं.

नोलीनला, म्हणजे त्याच्या बायकोला, हा विनोद पूर्वी आवडत असे. पण लागोपाठ दोन हिवाळे छातीच्या दुखण्याने तिला इस्पितळात काढावे लागले. झोपायच्या खोलीच्या काचांवरून आतल्या बाजूने पाणी ओघळे, आणि चौकटीभोवती काळी बुरशी अशी फुलली होती की एखाद्याने हौसेने लावली असावी. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: ही खोली उबदार करा, नाहीतर बाईंना उबदार गावी पाठवा. तशाच उबदार ब्रिस्बेनहून लेक रोज फोन करत होती, की आई, तू आता कायमचीच इकडे ये. नोलीनने कपाटावरची बॅग काढून पाहुण्यांच्या पलंगावर उघडून ठेवली होती. भरली नव्हती, नुसती उघडली होती. सेल्विनने ती पाहिली, खूप विचार केला, आणि बायकोसाठी नवा स्वेटर आणला.

सीनाने पडदे देऊ केले तर त्याने हात झटकले. ते गरजूंसाठी आहेत, म्हणाला. गरजू हा प्राणी त्याच्या मते कायम दुसऱ्याच गल्लीत राहत असे.

नोलीन मात्र या माणसाबरोबर उगाच एवढी वर्षं राहिली नव्हती. शनिवारी चर्चच्या सभागृहात देणगीसाठी चीज रोल वळायला सगळ्या बायका जमल्या होत्या. तिथून परतल्यावर लापशी ढवळता ढवळता ती सहज म्हणाली, "समोरचा युअन गिल्फेडर सांगत होता, आपलं घर तसं उबदारच आहे. गारठ्यात त्याच्या घरापुढे काहीच नाही म्हणे."

सेल्विनने चमचा खाली ठेवला. या गल्लीत तुमच्या बापाबद्दल काही बोललेलं चालतं, पण घराला उबदार म्हटलेलं चालत नाही. तो तसाच रस्ता ओलांडून गेला. गिल्फेडरने त्याला दारातच सांगितलं की आमच्याकडे सकाळी लोणी करवतीने कापावं लागतं. सेल्विन म्हणाला की आमच्याकडे लोणी कापायचा कुणी प्रयत्नच करत नाही. भांडण पेटलं, आणि शेवटी असं ठरलं की सीनाने पंच म्हणून यायचं आणि सकाळी दोन्ही घरांच्या झोपायच्या खोलीत तापमान मोजायचं.

गिल्फेडरने चक्क खिडक्या उघड्या टाकून झोपण्याची लबाडी केली. तरी त्याचं घर सहा अंशांवरच अडकलं. टलकांच्या खोलीत, खिडक्या घट्ट बंद असताना, पारा चारावर होता. सेल्विनचा चेहरा असा उजळला की खोली तेवढ्याने अर्धा अंश तरी तापली असेल. त्याने गिल्फेडरशी हस्तांदोलन केलं, हातमोजे न काढता.

सीनाने तापमापक पिशवीत ठेवला आणि म्हणाली की सर्वांत गार घराला पडदे आधी, हा बँकेचा नियम. तो तुम्हीच गेल्या वर्षी हट्टाने करायला लावलात, सेल्विन. पडदे मी गाडीत घालूनच आणलेत.

सेल्विन म्हणाला की आम्हाला नकोत, आम्ही भागवतो.

तेव्हा नोलीन पलंगावर उठून बसली. आधी खोकला आला, तो तिने संपू दिला. मग म्हणाली, "स्पर्धा तू जिंकलास, बाबा. अभिनंदन. पण चार अंशांत खोकत मी होते, म्हणून बक्षीस माझं. पडदे लाव आणि इथे हीटर आण, नाहीतर ती बॅग मी आज भरते."

गिल्फेडरला अचानक आपली मांजर आठवली आणि तो निघून गेला. सेल्विन शिडी आणायला गेला.

पडदे एका बंद पडलेल्या हॉटेलातले होते, वाइनच्या रंगाचे, मखमली, इतके जड की दांडी कुरकुरली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने शिडीवरून एक अक्षरही उपदेश केला नाही. फक्त खाली उतरून, गुडघे टेकून, कड जमिनीला नीट टेकतेय का ते पाहिलं. मग बैठकीतला हीटर आणून ठेवला आणि तो लावताना, अगदी जुलै असूनही, चोरासारखं इकडेतिकडे पाहिलं.

दुपारी लेकीचा फोन आला. नोलीनने तिला सांगितलं की या हिवाळ्यात तरी बेत रद्द, बघू पुढे.

आठवड्याभराने गिल्फेडर मखमल चाचपायला आला आणि म्हणाला की लेका, म्हातारपणी ऐषारामी झालास. सेल्विनने त्याला शांतपणे सांगितलं की आता गल्लीत सर्वांत गार घर तुझं. मंगळवारी माप घ्यायला येतो, तोवर तोंड बंद ठेव.

त्याच सकाळी नोलीन न्याहारीला आली ती एकच स्वेटर घालून, बाह्या वर सारून. सेल्विन टोस्ट हातात धरून बघत राहिला. जुलै महिन्यात बायकोचं कोपर तो लग्नानंतर पहिल्यांदाच पाहत होता.

"काय बघतोस?" तिने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला, आणि त्याने डोक्यावरची टोपी काढून ठेवली.