दत्तगुरूंचे डोळे आणि न थांबणारा टेम्पो

पनवेलला खांदा कॉलनीत स्वतःचं घर झालं आणि देवाने माझ्याकडे पाठ फिरवली, असं मला मागच्या वर्षी अगदी मनापासून वाटत होतं. मी देवळांमधली चित्रं रंगवतो. उभं आयुष्य गावोगाव फिरण्यात गेलं. या देवळात राम, त्या देवळात भवानी, आणि मधल्या वेळात एसटीच्या मागच्या सीटवर मांडीवर कागद ठेवून पुढच्या देवाची आखणी. माझ्या देवांची उपरणी वाऱ्यावर उडतात, याचं लोकांना भारी कौतुक. एकदा एका गृहस्थांनी माझ्या रेषेत चैतन्य आहे असं चक्क भाषण केलं. मी मान खाली घालून ऐकलं. ते चैतन्य म्हणजे आमच्या रस्त्यांवरचे खड्डे आहेत, हे त्या भल्या माणसाला कुठल्या तोंडाने सांगणार? धक्क्याशी भांडायला गेलं की रेष बिघडते, हात सैल सोडला की धक्काच ती पुरी करतो, एवढीच काय ती माझी विद्या.

बायको म्हणाली, “पुरे झाली वणवण. आता घरी बसून काढा देव.” तिने खिडकीशी छान टेबल मांडून दिलं. त्याचा एक पायही डुगडुगत नव्हता. तिथेच घात झाला.

कळंबोलीला ट्रक उभे राहतात त्या बाजूला दत्ताचं एक लहान देऊळ आहे. लांबच्या गाड्या घेऊन निघणारे ड्रायव्हर तिथे हात जोडून पुढे जातात. त्या देवळासाठी मोठ्या प्लायवूडवर दत्तगुरू रंगवायचे होते. जो देव स्वतः एका जागी थांबत नाही, तो मी त्या टेबलाजवळ भिंतीला टेकवून रंगवायला बसलो. गाय शोकेसमधल्यासारखी झाली, कुत्रे जेवून आडवे झाल्यासारखे. बायकोने चहा ठेवता ठेवता विचारलं, “अहो, हे पासपोर्टच्या फोटोला उभे आहेत का?”

डोळे आम्ही शेवटी काढतो. तीन मुखं, सहा डोळे. खडूने आखायचे आणि पुसायचे, असं किती वेळा झालं देव जाणे. एक मुख दाराकडे बघे, दुसरं पंख्याकडे, आणि तिसरं थेट माझ्याकडे, रागाने. स्थापना उद्यावर आली तरी सहाही जागा कोऱ्याच. मी हातपाय गाळले. डोळे दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या, असं देवळाच्या अध्यक्षांना सांगायचं आणि ब्रश कायमचे माळ्यावर टाकायचे, असं ठरवून मी टेम्पो बोलावला. त्या सकाळी देव्हाऱ्यासमोर उभा राहिलो, पण मागायला काही सुचेना. “तुझं तू बघ,” एवढंच म्हणालो. प्रार्थनेपेक्षा तो वैतागच जास्त होता.

टेम्पोवाले पनवेलचेच, पांढऱ्या दाढीचे एक चाचा. देवाला आडवं ठेवायचं नाही म्हणून त्यांनी चित्र दोराने उभं बांधून दिलं, आणि मी मागेच, चित्रासमोर गोधडीवर बसलो. रंगांची पिशवी खांद्याला होती. माळ्यावर टाकायची होती ती, पण सवयीने आली.

देवळापाशी पोचलो तर दाराला कुलूप. अध्यक्षांना सगळे दादूस म्हणतात. त्यांना फोन केला. “मास्तर, चावी माझ्याकडं हाय. मी हार आणाया पनवेलला आलोय. तुमी थांबा.”

“थांबायचं नाव नको!” चाचा पुढून ओरडले. “गाडी उभी राहिली की इंजिन झोपतं, आणि मग धक्क्याशिवाय उठत नाही. तुमचे साहेब येईपर्यंत मी चक्कर मारतो.”

आणि ते खरंच चक्कर मारायला लागले. तिथल्या लोखंड बाजाराचे रस्ते, अवजड ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्या. दुसऱ्या फेरीत एक असा दणका बसला की माझी कंबर, गोधडी आणि दत्तगुरू एकदमच उसळले. मी वर पाहिलं. दोराला झोके घेणारे देव पहिल्यांदाच कुठेतरी निघाल्यासारखे दिसले.

ब्रश कधी हातात आला ते मला आठवत नाही. हात सैल सोडला. खड्डा आला की भांडायचं नाही, तो सांगेल तिकडे जायचं. दादूस कोपऱ्यावर येऊन हात हलवायला लागले, तेव्हा मी पाचव्या डोळ्यावर होतो. मी केबिनच्या मागच्या काचेवर टकटक केली, “चाचा, अजून एक चक्कर!”

“दोन मारतो, मास्तर. अल्लाचं नाव घ्या, तुमच्या देवाचं घ्या, पण पडू नका.”

दादूसना वाटलं आम्ही देव घेऊन पळतोय. ते हारांची टोपली घेऊन मागे धावत होते. “अरे, आमचा देव कुठं नेताव?”

शेवटी थांबलो. दादूस धापा टाकत चित्रासमोर उभे राहिले, आणि भांडायचं विसरून त्यांनी पायांतल्या चपला काढल्या. “माझ्याकडंच बघतोय,” ते म्हणाले. दुसऱ्या टोकाला उभा असलेला एक ट्रकवालाही तेच म्हणाला.

हे कसं झालं, ते मी कुणाला पटवायला जात नाही. गाडीचा सेल्फ-स्टार्टर बिघडलेला होता, एवढंच चाचा सांगतात. मी मात्र त्या दिवसापासून, आपण घरी आहोत की वाटेत, याची काळजी सोडून दिली. हात घट्ट झाला की बायकोच पिशवी हातात देते, “जा, बसमधून एक फेरी मारून या.”

त्या दिवशी थांबल्यावर टेम्पो अर्थातच बंद पडला होता. चित्र देवळाच्या ओट्यावर टेकवून मी, दादूस आणि तो ट्रकवाला मागून धक्का देत होतो, चाचा पुढून “जोर लावा!” म्हणत होते. दत्तगुरूंनी डोळे उघडल्यावर आम्हा भक्तांची पहिली सेवा पाहिली ती ही. तिन्ही मुखांवर हसू मी काढलं नव्हतं. पण मागे वळून पाहिलं, तर होतं.