बाबांनी वाचलेला फॉर्म

काल कोल्हापुरात डोळे तपासताना थेंबांनी सगळं धूसर झालं आणि हवाई दलाच्या वैद्यकीय तपासणीचा दिवस आठवला. नजरेमुळे मला वैमानिक होता येणार नव्हतं. तांत्रिक शाखा हवी असेल, तर लगेच एका फॉर्मवर सही करायची होती. पण तेव्हाही थेंबांमुळे अक्षरंच दिसेनात.

शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणारे बाबा तो इंग्रजी फॉर्म अडखळत, मोठ्यानं वाचू लागले. लोक बघत होते. मला लाज वाटली. आज त्या लाजेचीच लाज वाटते.

बाबांनी वाचता वाचता विचारलं, "इमान उडवाय नीट हाय, हे कोण ठरवतंय?"

"इंजिनिअर."

"मग रडतीस कशाला? कर की सही!"

मी अंदाजानं केली. आता मी हिरवा कंदील दिल्याशिवाय वैमानिक विमानात बसत नाही.